हिरकणी, धाराऊ आणि फाटकाचे नियम

रायपूर हे तसे सैन्याचे शहर नव्हे. आपल्या महाराष्ट्रातून पूर्वेकडे येताना कामठी लागते, उत्तरेकडे जबलपूर, सागर, महू आहेत. ही सगळी जुनी छावणीची गावे. रायपूरला इंग्रजांच्या काळी एक पलटण होती आणि 1858 च्या जानेवारीत तिच्यातल्या हनुमानसिंहाने बंड केल्यावर 17 शिपायांना फाशी दिले गेले, एवढीच त्या पलटणीची आठवण शहराने ठेवली आहे. पण 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ वेगळे राज्य झाले, पुढे बस्तरातील नक्षलविरोधी मोहिमा वाढल्या आणि रायपूर बघता बघता वर्दीधारी कुटुंबांचे शहर झाले. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल, भारत-तिबेट सीमा पोलीस, राज्याचे स्वतःचे सशस्त्र बल, शिवाय सैन्याचे एक उपक्षेत्रीय मुख्यालय. जवान तीनशे-चारशे किलोमीटर दूर जंगलातल्या तळावर, जिथे कुटुंब नेता येत नाही. आणि बायका-मुले रायपूरच्या आसपासच्या वसाहतीत, नाहीतर भाड्याच्या खोलीत.

महाराष्ट्राबाहेरच्या माझ्या वाचकांना इथे एक गंमत सांगते. रायपूरच्या तात्यापाऱ्यात, बूढापाऱ्यात जी जुनी मराठी घरे आहेत, त्यांतील कित्येकांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या मागोमाग इकडे आले. बिंबाजी भोसले 1758 पासून 1787 पर्यंत रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. म्हणजे आज चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला भेटणाऱ्या अनेकजणी मुळात सैनिकी कुटुंबांच्याच लेकी-सुना आहेत. फौजेबरोबर तान्ही बाळे घेऊन निघालेल्या त्या बायकांचे काय झाले असेल, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. बखरीत घोडे मोजलेले असतात.

हा विषय माझ्या मनात बरीच वर्षे आहे. आपल्या इतिहासात अंगावर पाजणाऱ्या दोन बायका प्रसिद्ध आहेत आणि योगायोग असा की दोघीही किल्ल्यांशी, म्हणजे लष्करी ठाण्यांशी, जोडलेल्या आहेत. पहिली हिरकणी. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, कोजागिरीचा दिवस, संध्याकाळी दरवाजे बंद झालेले, पहारेकरी हुकमाचा बांधील, खाली घरी तान्हे बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. आख्यायिका पुढे सांगते की महाराजांनी तिचा सत्कार केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले. शाळेत ही गोष्ट ऐकताना आपल्याला आईचे धैर्य दिसते. प्रशासनात तीसेक वर्षे काढल्यावर मला त्यात एक कार्यालयीन टिपणी दिसू लागली. एक उणीव उघडकीस आली: या बाजूने माणूस उतरू शकतो, म्हणजे शत्रू चढूही शकतो. उणीव दूर केली गेली. मातेचा गौरव झाला. दरवाजाची वेळ मात्र तीच राहिली. तान्ह्या बाळाच्या आईसाठी दिंडी उघडण्याची काही सोय झाली का, हे गोष्ट सांगत नाही आणि आपणही कधी विचारले नाही.

दुसरी धाराऊ. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईंची प्रकृती ढासळलेली, बाळाला पुरेसे दूध मिळेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ बोलावली गेली आणि तिच्या दुधावर बाळ वाढले. इथे कडा नाही, साहस नाही. इथे व्यवस्था आहे: गरज ओळखली, योग्य बाई शोधली, तिला गडावर येण्याची परवानगी आणि मान दिला. धाराऊवर फारशी गाणी झाली नाहीत, कारण व्यवस्थेवर गाणी होत नाहीत. पण बाळ जगवायचे असेल तर मला हिरकणीपेक्षा धाराऊची गोष्ट अधिक उपयोगाची वाटते. राजपुत्रासाठी जी तजवीज झाली ती गवळणीच्या बाळासाठी कशी करायची, एवढाच खरे तर लोकशाहीतील प्रशासनाचा प्रश्न आहे.

आता रायपूर. 2009 च्या सुमारास माझ्याकडे महिला व बालविकासाशी संबंधित काम होते. शहराच्या वेशीवर, एका गावाला लागून, एका सशस्त्र दलाची कुटुंबवसाहत होती. दलाचे नाव सांगत नाही, कारण जे घडले ते कोणत्याही दलाच्या वसाहतीत घडू शकले असते. गावात मितानिन होती. ही मितानिन म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. छत्तीसगढात दोन मुली विधिपूर्वक एकमेकींच्या जन्माच्या मैत्रिणी होतात, ते नाते सख्ख्या बहिणीइतके मानले जाते; त्या मैत्रिणीला मितानिन म्हणतात. नव्या राज्याने 2002 पासून पाड्यापाड्यातून एकेक बाई निवडून तिला आरोग्याचे शिक्षण दिले आणि तिला हेच नाव दिले. साठ हजारांहून अधिक मितानिनी उभ्या राहिल्या. 2005 साली देशभर ‘आशा’ योजना आली तिच्यापुढे हे उदाहरण होते. सरकारी योजनांची नावे ठेवणाऱ्यांनी या एका नावाचा अभ्यास करावा, असे मला नेहमी वाटते.

मितानिनीच्या कामात पहिल्या दिवसापासून एक गोष्ट ठळक होती: बाळ जन्मले की तासाभरात छातीशी लावायचे, पहिले पिवळसर चीकदूध फेकायचे नाही, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. रायपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा बाळाला पाणी न देण्याचा सल्ला आजीच्या गळी उतरवणे सोपे नसते. आईच्या दुधात सुमारे 87-88 टक्के पाणीच असते, बाळाची तहान त्यानेच भागते, आणि वरचे पाणी पाजले तर पोट त्याने भरून दूध कमी जाते, शिवाय जुलाबाचा धोका, हे मितानिन आपल्या भाषेत समजावत असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपानाचे प्रमाण देशात 63.7 टक्के आले, तर छत्तीसगढात ते सुमारे 80 टक्के होते. एका तासाच्या आत पाजण्याचे प्रमाण मात्र राज्यात बरेच खाली आहे, ते इस्पितळांच्या प्रसूतिकक्षांचे प्रगतिपुस्तक म्हणावे लागेल.

तर ही मितानिन गावातल्या घराघरांत जात होती, पण वसाहतीच्या फाटकाच्या आत तिला प्रवेश नव्हता. फाटकावर रजिस्टर होते. त्यात रकाने: नाव, पत्ता, कोणास भेटावयाचे, कामाचे स्वरूप. कामाच्या स्वरूपाच्या रकान्यात काय लिहायचे हे तिला कळेना. ‘बाळाला दूध पाजणे शिकवायचे’ असे ती म्हणाली, पहाऱ्यावरचा जवान लाजला आणि त्याने ‘खाजगी काम’ असे लिहिले. खाजगी कामासाठी भेटीची वेळ संध्याकाळी 5 ते 6. त्या वेळी मितानिन आपल्या घरी चूल पेटवत असे. अंगणवाडीच्या सर्वेक्षणातही वसाहत नव्हती, कारण यादी करणारी कार्यकर्तीही त्याच फाटकाशी थांबत होती. म्हणजे एका बाजूला राज्यातली सर्वांत गाजलेली आरोग्य योजना, दुसऱ्या बाजूला तिची सर्वाधिक गरज असलेल्या, माहेर-सासरपासून हजार किलोमीटर दूर आलेल्या तरुण आया, आणि मध्ये एक लोखंडी फाटक.

फाटक निरर्थक होते असे मी म्हणणार नाही. ज्या दलाचे जवान रोज जिवावर उदार होऊन जंगलात जातात, त्यांच्या बायकामुलांच्या वसाहतीत कोणीही यावे असे कसे चालेल? अधिकारी म्हणाले, “मॅडम, सुरक्षेचा प्रश्न आहे.” प्रश्न खराच होता. पण सुरक्षेचे उत्तर ‘नाही’ असेच असले पाहिजे, असे कोठे लिहिले आहे? शेवटी मितानिन व उपकेंद्राची नर्स या दोघींची पडताळणी करून छायाचित्रासह ओळखपत्रे द्यावीत, मंगळवार व शुक्रवारी सकाळी त्यांना आत सोडावे आणि कोणी बाळंतीण बोलावील तर केव्हाही सोडावे, असे ठरले. आदेश अवघा सात ओळींचा होता. तो निघायला चार महिने लागले. त्यांपैकी दोन महिने हे पत्र कोणत्या शाखेचे, यातच गेले, कारण कल्याण शाखेला ते सुरक्षेचे वाटे आणि सुरक्षा शाखेला कल्याणाचे.

आत गेल्यावर मितानिनीला जे दिसले ते मीही नंतर तिच्याबरोबर पाहिले. तिमजली इमारती, एकेका मजल्यावर चार घरे, आणि एका मजल्यावर अख्खा भारत. बिहारची, हरियाणाची, आसामची, केरळची आणि आपल्या वाशीम जिल्ह्यातली एक. प्रत्येकीचे बाळंतपणाचे शास्त्र वेगळे. हरियाणवी शेजारीण पंजिरी करून आणे, वाशीमच्या सुनेच्या आईने पार्सलने अळीव आणि डिंकाचे लाडू पाठवलेले, केरळची बाई लसणाचा आग्रह धरी, आणि गावातून दूध घालायला येणारी छत्तीसगढी म्हातारी फाटकावरच विचारी, “छठीच्या दिवशी कांके पानी दिलेत का नाही?” कांके पानी म्हणजे वनौषधी व सुंठ-गूळ वगैरे उकळून केलेला काढा, इथे बाळंतिणीला तो दिल्याशिवाय सहावी पुरी होत नाही. यातल्या कशाने दूध किती वाढते हा वैद्यकाचा प्रश्न. मला दिसली ती वेगळी गोष्ट. आग्रह करणाऱ्या सगळ्या पंचविशीतल्या होत्या. आपल्या आईकडून ऐकलेले सांगत होत्या. पण बाळ छातीशी नीट लागलेले नाही, त्याच्या तोंडात नुसते बोंड आहे, काळा भाग बाहेरच आहे, म्हणून आईला वेदना होतात आणि बाळ उपाशी राहते, हे पाहून ओळखील अशी पन्नाशीची एकही बाई त्या इमारतीत नव्हती. घरवाटपाच्या नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी, मुले. सासू किंवा आई येऊन राहिली तर ती ‘पाहुणी’, आणि पाहुण्याला मुक्कामाची मुदत असते.

वाटपाचीही गंमत. घर रिकामे झाले की यादीतल्या पुढच्या क्रमांकाने ठरल्या मुदतीत ताबा घ्यायचा, नाही घेतला तर क्रमांक जातो. वाशीमच्या मुलीचे पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झाले. सव्वा महिना झाला न झाला तोच नवऱ्याचा फोन आला की घर लागले. नवरा बस्तरातून रजा काढून आला, बायकोला आणि दीड महिन्याच्या बाळाला रेल्वेने रायपूरला आणले, सिलिंडर, गादी, पाण्याचा पिंप एवढी मांडामांड केली आणि परत गेला. बाप झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते व ती जन्मापासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. ते पंधरा दिवस असे गादी-सिलिंडरात संपले. नियम कोणीही मोडला नव्हता. सगळे नियम पाळून एक तान्हे बाळ आजीच्या हातून काढून अनोळखी शहरात तिसऱ्या मजल्यावर आणले गेले होते.

मग 2010 चा एप्रिल आला. 6 तारखेला ताडमेटल्याला 76 जवान मारले गेले. तेव्हा तो भाग दंतेवाडा जिल्ह्यात होता, आता सुकमा जिल्ह्यात येतो. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस रायपूरच्या सगळ्याच वसाहतींत काय वातावरण होते ते शब्दांत सांगणे कठीण आहे. कोणते नाव आहे, कोणते नाही, कोणालाच कळेना. जंगलातल्या तळांवर मोबाइलला संपर्क नव्हता. टीव्हीवर एकच चित्र फिरत होते. त्या काळात मी ज्या घरांत गेले त्यांत वाशीमच्या मुलीचेही घर होते. तिच्या नवऱ्याची तुकडी त्या घटनेत नव्हती, पण हे तिला माहीत नव्हते आणि सांगणारेही कोणी नव्हते. बाळ तेव्हा तीन महिन्यांचे. सारखे रडत होते. ती मला पाहून एवढेच म्हणाली, “बाई, माह्यं दूध आटलं.”

दूध आटले नव्हते. आणि हे समजायला मराठी माणसाला परकी भाषा लागत नाही, कारण आपल्या भाषेने दूध आणि पान्हा हे दोन शब्द पूर्वीपासून वेगळे ठेवले आहेत. गाय बिचकली, अनोळखी माणूस धारेला बसला, वासरू दिसले नाही, की ती पान्हा चोरते. दूध कासेतच असते, पण उतरत नाही. हे कोणत्याही गवळ्याला ठाऊक असते. विज्ञान तेच सांगते. दूध तयार होण्यामागे प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक असते. तयार झालेले दूध बाहेर येण्यासाठी ऑक्सिटोसिन लागते. भीती, धक्का, तीव्र वेदना यांनी हे दुसरे अडते. बाळ ओढते, काही येत नाही, ते रडते. आई घाबरते, पान्हा आणखी अडतो. या ठिकाणी जर कोणी प्रेमाने, काळजीने दुधाच्या पावडरीचा डबा आणून दिला, तर बाळ त्यावर शांत होते, छाती रिकामी होणे थांबते, आणि मग मात्र आठ-पंधरा दिवसांत दूध खरेच आटते. डबा तिथे आलेलाही होता. एका भल्या शेजाऱ्याने बाटलीसकट आणला होता. 1992 च्या कायद्याने अशा डब्यांची जाहिरात करायला बंदी आहे आणि आईचे दूधच सर्वोत्तम असे डब्यावर छापावे लागते. पण रडणाऱ्या बाळाच्या घरात डब्यावरचा मजकूर कोणी वाचत नाही.

मितानिन आली. मंगळवारही नव्हता आणि शुक्रवारही नव्हता; ‘बाळंतीण बोलावील तर केव्हाही’ ही त्या आदेशाची सहावी ओळ तिने फाटकावर तोंडपाठ म्हणून दाखवली. तिने टीव्ही बंद केला. चुलीचे काम हरियाणवी शेजारणीवर सोपवले. कूलरसमोर गादी घालून आईला टेकून बसवले, बाळाचे कपडे काढून त्याला तिच्या उघड्या छातीवर नुसते निजवले, पाजण्याची घाई केली नाही. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेक दिला आणि मागे बसून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्याने वरून खाली चोळत राहिली. मधूनमधून म्हणत होती, “झन डर नोनी, दूध हावय.” घाबरू नको पोरी, दूध आहे. त्या दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती. दीड-दोन तासांनी बाळाने स्वतःच तोंड फिरवून शोधले. दुसऱ्या बाजूने दूध थेंब थेंब गळू लागले तेव्हा वाशीमची मुलगी पहिल्यांदा मोठ्याने रडली. नवऱ्याचा निरोप त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

मी परत येऊन टिपणी लिहिली की अशा घटनेनंतर प्रत्येक तुकडीच्या खुशालीचा निरोप ठरल्या वेळाने कुटुंबवसाहतीत पोहोचावा, याची जबाबदारी नाव घेऊन एका माणसावर टाकावी. ती टिपणी फिरत राहिली. दरम्यान त्या वसाहतीतल्या एका वयस्क सुभेदारांनी कोणाला न विचारता फाटकाच्या खोलीबाहेर काळा फळा लावला. ज्या तुकडीची खुशाली त्यांना वायरलेसवरून कळे, तिचा क्रमांक ते फळ्यावर लिहीत. ठिकाण नाही, नाव नाही, फक्त क्रमांक आणि वेळ. सुरक्षेला काही बाधा नाही. बायका दिवसातून चारदा फाटकापर्यंत येऊन तो फळा वाचून जात. पोषणाच्या कोणत्याही योजनेत असा फळा खर्चाच्या बाबीत दाखवलेला मी पाहिलेला नाही.

आतापर्यंत जवानाच्या बायकोबद्दल लिहिले. पण बाई स्वतःच वर्दीत असेल तर? केंद्रीय राखीव दलाची पहिली महिला बटालियन 1986 साली उभी राहिली. बस्तरात 2017 ला उभारलेल्या बस्तरिया बटालियनमध्ये एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या गेल्या. 2019 साली दंतेवाड्यात ‘दंतेश्वरी फायटर्स’ नावाची महिलांची तुकडी आली. 2020 च्या महिलादिनाच्या सुमारास त्यांतल्या एका आठ महिन्यांच्या गरोदर जवानाचे छायाचित्र देशभर छापून आले, खांद्यावर बंदूक, पाठीवर ओझे. सर्वत्र कौतुक झाले. मला ते पाहून रायगडाचा कडा आठवला. त्या मुलीच्या कर्तव्यनिष्ठेला माझा नमस्कारच आहे. पण मला पाहायचे होते ते पुढच्या वर्षीचे छायाचित्र, ती कामावर परतल्यानंतरचे. ते कोणी काढले नाही.

रजेच्या बाबतीत आपण मागे नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. माझ्या पहिल्या बाळंतपणात, ऐंशीच्या दशकात, 90 दिवसांची रजा होती. 1997 साली ती 135 झाली आणि 1 सप्टेंबर 2008 पासून 180. त्याच वेळी बालसंगोपनासाठी संपूर्ण सेवेत 730 दिवसांची वेगळी रजा आली. 2023 च्या नोव्हेंबरात तिन्ही सैन्यदलांतल्या महिला जवानांना अधिकारी स्त्रियांप्रमाणेच प्रसूती व बालसंगोपन रजा मंजूर झाली, तोपर्यंत एकाच दलात बाळाचे दूध आईच्या हुद्द्यावर ठरत होते. अमेरिकेच्या सैन्यात 12 आठवड्यांची रजा 2023 मध्ये आली. पण तिथल्या दलांनी एक गोष्ट आपल्या आधी लिहून ठेवली आहे: कामावर परतलेल्या आईला दूध काढण्यासाठी बंद होणारी जागा आणि वेळ देणे ही तिच्या वरिष्ठाची जबाबदारी.

आता साधा हिशेब करू. 180 दिवस म्हणजे सहा महिने, आणि सहा महिने निव्वळ स्तनपान, दोन्ही जुळले असे कागदावर वाटते. पण आठव्या महिन्यात गस्त घालणे शक्य नसते, म्हणून रजा बाळंतपणाच्या दीड महिना आधी सुरू होते. बाळाच्या वाट्याला उरले 135 दिवस. साडेचार महिन्यांचे बाळ घरी, आई रात्रपाळीवर. बालसंगोपन रजा मागावी तर ती मंजुरीवर अवलंबून, आणि मोहिमेच्या दिवसांत मंजुरी कोण देणार? 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सवड होती. तो कायदा नोव्हेंबर 2025 मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तिच्यातही ही सवड कायम आहे. त्या जुन्या कायद्यात कारखाने, खाणी, मळे यांच्याबरोबर घोडेस्वारीचे व कसरतीचे खेळ करणाऱ्या मंडळींचाही स्पष्ट उल्लेख होता. झोक्यावर झुलणाऱ्या सर्कशीतल्या बाईचे बाळ संसदेला आठवले होते! वर्दीतल्या बाईला लागू होतात ते रजेचे नियम, आणि रजेच्या नियमांत रजा असते. रजा संपल्यानंतरच्या दिवसाच्या वेळापत्रकाबद्दल ते नियम बोलत नाहीत. ते वेळापत्रक हवालदार लिहितो.

महाराष्ट्राने गेल्या दशकात एस.टी. स्थानकांवर आणि कार्यालयांत ‘हिरकणी कक्ष’ काढले, ही चांगलीच गोष्ट झाली. तरी 2022 च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनाला आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे बाळ घेऊन आल्या तेव्हा विधानभवनात असा कक्ष नव्याने करावा लागला, आणि पुढच्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी त्या कक्षातल्या धुळीची व गैरसोयीची जाहीर तक्रार केली. त्या देवळालीच्या आमदार, म्हणजे तोफखान्याच्या गावच्या. कक्षाला हिरकणीचे नाव देणे सोपे असते. त्यात रोज केर कोण काढणार, किल्ली कोणाकडे, काढलेले दूध ठेवायला थंड जागा आहे का, आणि मुख्य म्हणजे तिथे जायला बाईला कामावरून कोण सोडणार, हे ठरवायला धाराऊला बोलावणारे डोके लागते.

वर्दीच्या दलांसाठी असा आदेश काढायचा झाला तर मसुदा मी मनात तयार करून ठेवला आहे. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत आईला बाळाच्या मुक्कामाच्या ठाण्यातच नेमणूक द्यावी व रात्रपाळी देऊ नये. प्रत्येक पाळीत दोनदा अर्धा तास सोडावे आणि त्या वेळात तिच्या जागी कोण, हे पाळीपत्रकातच लिहावे. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत आजी, मग ती आईची आई असो वा सासू, वसाहतीत कुटुंबाची सदस्य समजावी, पाहुणी नव्हे. तान्हे बाळ असलेल्या जवानाला घराचा ताबा घेण्यास सहा महिन्यांची मुदत असावी व त्याचा क्रमांक जाऊ नये. मितानिनीला आणि नर्सला फाटकावर कामाचे स्वरूप विचारू नये. आणि फाटकाच्या खोलीबाहेर एक काळा फळा असावा, खडूसह. सगळे मिळून एका पानात मावते, आणि फळा सोडला तर कशालाही वित्त विभागाची सहमती लागू नये.